यंत्राने सांगितले, पण सही कोणाची?

रात्रीचे नऊ वाजले आहेत. कन्नडच्या बाजारपेठेतील दुकान वाढवून मुलगा घरी आला आहे. वडिलांच्या रक्ततपासणीचा अहवाल सायंकाळीच मोबाईलवर आला असून त्यातील दोन आकडे ठळक अक्षरांत छापलेले आहेत. नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला आहे. मुलगा तो अहवाल मोबाईलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे ठेवतो आणि मराठीतच विचारतो, ‘हे काय आहे? काळजीचे आहे का?’ अर्ध्या मिनिटात उत्तर येते. उत्तर नम्र आहे, सविस्तर आहे, भाषाही शुद्ध आहे. वडील चष्मा पुसतात आणि एवढेच विचारतात, ‘हे सांगतोय कोण?’

अशी संध्याकाळ आज तालुक्याच्या गावांतील अनेक घरांत येते. मुलाचा प्रश्न आणि वडिलांचा प्रश्न हे दोन्ही रास्त आहेत. यंत्राला वैद्य मानण्यास समाज तयार आहे काय, या चर्चेचे सारे मर्म या दोन प्रश्नांत सामावलेले आहे.

अंतर आणि संकोच

कन्नडमध्ये ग्रामीण रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत, औषधांची दुकानेही आहेत. परंतु हृदय, मेंदू किंवा मूत्रपिंड यांच्या तज्ज्ञांकडे जावयाचे झाल्यास एका बाजूस वेरूळमार्गे सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर, तर दुसऱ्या बाजूस औट्रम घाट उतरून चाळीसगाव. १९५६ पासून मराठवाड्याचा आधार असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘घाटी’, तेही संभाजीनगरातच. पिशोर किंवा चिंचोली लिंबाजी येथील कुटुंबालाही हा प्रवास लांबचाच. दुकानदाराचा दिवसाचा गल्ला बुडतो, शेतमजुराची मजुरी बुडते, सोबत एक माणूस लागतो आणि गाडीभाडे वेगळेच. अशा वेळी खिशातल्या यंत्राने फुकट उत्तर दिले तर त्याकडे वळण्यास तंत्रज्ञानाची आवड असावी लागत नाही. अंतर हेच त्याचे पुरेसे कारण ठरते.

दुसरे कारण संकोचाचे आहे. डॉक्टर रागावतील म्हणून उपवासात औषध बंद केल्याचे रुग्ण सांगत नाही. स्त्रिया काही तक्रारी वर्षानुवर्षे मनात ठेवतात. वृद्धांना तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारण्याची भीड वाटते. यंत्र मात्र रागावत नाही, घड्याळाकडे पाहत नाही आणि बाहेर रांग लागली आहे असेही म्हणत नाही. हा मनुष्यस्वभाव जुनाच आहे. १९६६ साली अमेरिकेतील जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलायझा’ नावाचा एक साधा संवादी संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. समोरच्याचीच वाक्ये फिरवून प्रश्नरूपाने परत करण्यापलीकडे त्याला काही येत नव्हते. तरीही त्यांची सचिव, हे सारे ठाऊक असूनही, त्या यंत्राशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगती झाली. मन मोकळे करण्यासाठी मनुष्याला ज्ञानी श्रोता लागतोच असे नाही; न रागावणारा श्रोता त्याला पुरतो. आपल्या दवाखान्यांनीही यातून काही शिकण्यासारखे आहे.

लोक नेमके कशाला तयार आहेत?

अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ११ हजारांहून अधिक प्रौढांना याविषयी विचारले आणि निष्कर्ष फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या डॉक्टरांनी निदान व उपचारासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर भिस्त ठेवली तर अस्वस्थ वाटेल, असे ६० टक्के लोकांनी सांगितले. ३९ टक्क्यांना त्यात वावगे वाटले नाही. त्याच लोकांना त्वचेच्या कर्करोगाच्या तपासणीत यंत्राची मदत घ्यावी काय, असे विचारता ६५ टक्के ‘हवी’ म्हणाले. मानसिक आधारासाठी मात्र ७९ टक्क्यांना बोलके यंत्र नको होते. अमेरिकेचे आकडे कन्नडला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. परंतु त्यांतील क्रम ओळखीचा वाटतो. डाग, छायाचित्र, आलेख पाहण्याचे काम यंत्राने करावे; दुःख ऐकण्याचे आणि निर्णय घेण्याचे काम मनुष्याकडे राहावे.

२०१९ साली लाँगोनी, बोनेझी आणि मोरवेज या तीन संशोधकांनी या अस्वस्थतेच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न केला. यंत्र आपल्याला सर्वांसारखे एक समजेल आणि आपले वेगळेपण त्याच्या हिशेबात येणार नाही, ही भीती त्यांना मुख्य आढळली. यंत्र केवळ साहाय्य करणार असून निर्णय डॉक्टरांचाच राहणार आहे, असे सांगितल्यावर हा विरोध मावळला, हेही त्यांनी नोंदविले.

जैन कुटुंबांना हे वेगळेपण समजावून सांगण्याची गरज नाही. ‘रात्रीच्या जेवणानंतर एक गोळी’ असे कागदावर लिहिलेले असते; चौविहार पाळणाऱ्या आजींचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपलेले असते आणि त्यानंतर पाणीही वर्ज्य असते. मधुमेहाची इंजेक्शने घेणारी व्यक्ती पर्युषणात आयंबिल किंवा उपवास करणार असेल तर मात्रा आधीच बदलून घ्यावी लागते. अन्यथा साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि शाकाहारी आहारात ते मुळातच थोडे असते. म्हणजे हातापायांच्या मुंग्यांना मधुमेहासोबत आणखी एक कारण असू शकते. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, हाही काहींच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. यंत्राला यांपैकी प्रत्येक गोष्ट सांगितली तर ते तिचा विचार करील; सांगितली नाही तर करणार नाही. तीस वर्षे घर ओळखणारे डॉक्टर मात्र भाद्रपद लागताच स्वतःहून विचारतात, ‘यंदा किती उपवास?’

यंत्र आधीच कामाला लागले आहे

‘यंत्र-वैद्य येणार काय?’ हा प्रश्न काहीसा उशिराचा आहे. मुंबईत २०१६ साली स्थापन झालेल्या क्युअर डॉट एआय या संस्थेची प्रणाली छातीचे क्ष-किरण चित्र वाचून क्षयरोगाच्या संशयाच्या खुणा दाखविते. ती आज अनेक देशांत वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग-चाळणीत मानवी वाचकाऐवजी संगणकाने चित्र वाचण्यास मान्यता दिली. भारतात ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या १०० दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरून नेता येणारी क्ष-किरण यंत्रे आणि अशा प्रणाली यांची जोड देण्यात आली. मात्र येथे यंत्र करते ती केवळ चाळणी. संशय आला की थुंकीची तपासणी होते आणि मगच उपचार सुरू होतात.

शासनाच्या ‘ई-संजीवनी’ या दूरसल्ला सेवेत २०१९ पासून ३० कोटींहून अधिक सल्ले दिले गेले आहेत. गावच्या आरोग्य केंद्रातील अधिकारी रुग्णाची लक्षणे नोंदवितो आणि दूरवरचे डॉक्टर सल्ला देतात; संभाव्य निदाने सुचविणारी संगणकीय प्रणालीही आता तिला जोडलेली आहे. निर्णय अर्थातच डॉक्टरांचा असतो. कायद्याची भूमिकाही तीच आहे. २५ मार्च २०२० च्या केंद्रीय दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेवरील मंचांना रुग्णास सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही; तो अधिकार केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचा आहे. यंत्राने त्याला मदत करावी, एवढेच अभिप्रेत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या नैतिक मार्गदर्शिकेतही रुग्णाची संमती, माहितीची गोपनीयता आणि उत्तरदायित्व यांवर भर आहे.

मदत म्हणून यंत्र किती उपयोगी ठरते, याचे उदाहरण स्वीडनचे आहे. तेथे ८० हजारांहून अधिक स्त्रियांचा सहभाग असलेल्या स्तनकर्करोग-तपासणीच्या प्रयोगात यंत्राचे साहाय्य घेतल्यावर डॉक्टरांचा चित्रवाचनाचा भार ४४ टक्क्यांनी घटला आणि रोगनिदानाचे प्रमाणही कमी झाले नाही. उलट बाजू थायलंडमध्ये दिसली. मधुमेहाने होणारा नेत्रविकार ओळखणारी गुगलची प्रणाली तेथील ११ दवाखान्यांत नेली असता अपुऱ्या प्रकाशामुळे किंवा अन्य कारणाने सुमारे २१ टक्के छायाचित्रे यंत्राने नाकारली. ज्यांचे चित्र नाकारले गेले त्यांना दूरच्या तज्ज्ञाकडे जाण्यास सांगावे लागले. प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेले यंत्र दवाखान्यातील अंधाऱ्या खोलीत अडखळले. विजेचा लपंडाव अनुभवणाऱ्या आपल्या खेड्यांनी हे ध्यानी ठेवावे.

बाटली क्रमांक ५३-एन

नव्या उपचारावर विश्वास ठेवावा की नाही, हा पेच महाराष्ट्राला नवा नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचे निदान झाले. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्यातील प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. लोक लगेच रांगा लावून आले, असे घडले नाही. परंतु लस देणाऱ्याने स्वतःचा देह पणाला लावला होता, याचे वजन मोठे होते.

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस दिली गेली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते सर्व एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. बाटलीचा क्रमांक होता ५३-एन. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. दोष प्रयोगशाळेचा नसून गावात बाटली उघडताना ती दूषित झाली असावी, हे मान्य होऊन त्यांच्यावरील ठपका दूर होण्यास १९०७ साल उजाडले. त्यांच्यावर अन्याय झाला, हे खरेच. पण या दुःखद प्रसंगात एक गोष्ट शाबूत होती. बाटलीला क्रमांक होता, तिची नोंद होती, जाब विचारावा असा मनुष्य होता आणि चौकशीला वाव होता. म्हणूनच चूक कोठे झाली ते अखेर कळू शकले. मुंबईची तीच प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाते.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकाचे वजन करणे, तापमान घेणे, श्वास मोजणे आणि ठरलेल्या नियमांनुसार जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे शिकविले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. नियमावलीने निदान करण्याची ही पद्धत यंत्राच्या पद्धतीहून तत्त्वतः फार भिन्न नाही. आयांनी आपले बाळ त्या नियमावलीच्या हाती दिले, कारण ती हाताळणारी स्त्री त्यांच्याच गावची होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात येणार होती आणि काही विपरीत घडले असते तर त्याच गल्लीत तिला तोंड दाखवावे लागले असते.

बँकेच्या खिडकीवरचा धडा

पैशांच्या व्यवहारात समाज याच वाटेने गेला आहे. भारतातील पहिले एटीएम १९८७ साली मुंबईत सुरू झाले. तालुक्याच्या गावी ते पोहोचले तेव्हा ज्येष्ठ खातेदार यंत्रातून पैसे काढून थेट शाखेत येत आणि पासबुकावर नोंद करून घेत. यंत्राने नोटा बरोबर दिल्या तरी समाधान होई ते शाखेतील नोंद पाहिल्यावर. कालांतराने हा अविश्वास सरला. यंत्रे सुधारली हे त्याचे एक कारण. पण चूक झाल्यास पैसे परत मिळतात, हा अनुभव त्याहून मोठा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने नियमच घालून दिला: बँकेच्या हलगर्जीपणाने अनधिकृत व्यवहार झाल्यास ग्राहकावर कोणताही भार नाही, तिऱ्हाइताकडून फसवणूक झाल्यास ती तीन कामकाजी दिवसांत कळविली तरीही भार नाही.

बँकेत आणखी एक जुनी शिस्त आहे. नोंद करणारा एक आणि तपासून मंजूर करणारा दुसरा. एकाच व्यक्तीने दोन्ही कामे करावयाची नाहीत. यंत्र-वैद्याला हीच शिस्त लावता येईल. नोंद, चाळणी, मसुदा यंत्राने करावा. मंजुरी डॉक्टरांनी द्यावी. परंतु न पाहता केलेल्या सहीला अर्थ नसतो, हे प्रत्येक बँक कर्मचारी जाणतो. डॉक्टरांनीही यंत्राच्या अहवालावर डोळे मिटून सही केली तर दोन माणसांची शिस्त कागदावरच राहील.

डॉक्टरांची जबाबदारी आपल्याकडे निश्चित आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. मोबाईलमधील संवादी यंत्राच्या अटींमध्ये मात्र ‘हा वैद्यकीय सल्ला नव्हे’ असे आधीच लिहिलेले असते. म्हणजे उत्तर वैद्यासारखे मिळते आणि जबाबदारी ग्राहकाची राहते. वडिलांचा ‘हे सांगतोय कोण?’ हा प्रश्न जुन्या पिढीच्या अज्ञानातून आलेला नव्हता. तो व्यवहारज्ञानातून आलेला होता.

या जबाबदारीची किंमत किती असू शकते, हे ऑगस्ट २०२५ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या घटनेवरून दिसते. ६० वर्षांच्या एका गृहस्थांनी मिठाचे दुष्परिणाम वाचून आहारातून क्लोराइड हद्दपार करण्याचे ठरविले. चॅटजीपीटीशी सल्लामसलत केल्यानंतर मिठाऐवजी ते सोडियम ब्रोमाइड वापरू लागले. तीन महिन्यांनी शेजारी विष घालत असल्याच्या संशयाने ते रुग्णालयात पोहोचले, त्यांना दाखल करावे लागले आणि तेथे त्यांना भास होऊ लागले. मीठ सोडणे हा आपल्याकडेही व्रताचा भाग असतो. परंतु मिठाच्या जागी काय घ्यावे, हे जेथे कोणी प्रतिप्रश्न विचारत नाही तेथे ठरवू नये. एखाद्या साध्या औषध विक्रेत्यानेही ‘हे कशासाठी हवे?’ असे विचारले असते.

घरी पाळावयाची पथ्ये

मग मोबाईल बाजूला ठेवावा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. अहवालातील अवघड शब्दांचा अर्थ समजून घेणे, डॉक्टरांना विचारावयाच्या प्रश्नांची यादी करणे, औषधांच्या वेळांचे कोष्टक बनविणे, आजाराविषयी मराठीत वाचणे, या कामांत यंत्र खरोखर मदत करते. ते औषध सुरू करण्यासाठी, थांबविण्यासाठी किंवा मात्रा बदलण्यासाठी मात्र वापरू नये. छातीत दुखणे, अचानक तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, दम लागणे, शुद्ध हरपणे अशा वेळी यंत्राला प्रश्न विचारण्यात एक मिनिटही न घालविता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. यंत्राचे उत्तर मिळाले असेल तर ते डॉक्टरांना दाखवावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. डॉक्टरांनीही त्याचा उपहास न करता ते वाचावे, कारण जे रुग्ण यंत्राला सांगतो ते पुष्कळदा त्याने दवाखान्यात सांगितलेले नसते. आणि नाव, पत्ता, आधार क्रमांक असलेला अहवाल जसाच्या तसा कोठेही पाठवू नये. ओळखीचा भाग झाकून मगच वापरावा.

औषधदानाचे नवे रूप

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत औषधदानाला परंपरेने मानाचे स्थान आहे. गावोगावची नेत्रशिबिरे आणि धर्मादाय दवाखाने त्याच भावनेतून उभे राहिले. येत्या काळात अशा शिबिरांत डोळ्याच्या पडद्याचे चित्र घेणारी आणि ते वाचणारी यंत्रे येतील. काही ठिकाणी आलीही आहेत. त्यांचे स्वागत व्हावे. मधुमेहाने पडद्यावर होणारा परिणाम प्रारंभी जाणवत नाही, म्हणून प्रत्येक मधुमेहीने वर्षातून एकदा ही तपासणी करून घेणे आवश्यक असते. कन्नडसारख्या ठिकाणी जेथे नेत्रपटल-तज्ज्ञ रोज उपलब्ध नसतात तेथे यंत्राची चाळणी कित्येकांची दृष्टी वाचवू शकेल.

आयोजकांनी मात्र काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. चित्र यंत्राने वाचले आहे, हे रुग्णाला स्पष्ट सांगावे. प्रत्येक अहवालावर तो पाहणाऱ्या डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक आणि सही असावी. दोष आढळलेल्या व्यक्तीला पुढे कोठे, कोणत्या दिवशी जावयाचे ते त्याच चिठ्ठीवर लिहावे आणि ती गेली की नाही याची महिन्याभराने चौकशी करणारा एक कार्यकर्ता नेमावा. देणगीच्या पावतीवर क्रमांक व सही नसेल तर कोणताही विश्वस्त ती स्वीकारत नाही. आरोग्याच्या कागदाला त्याहून सैल नियम असू नये.

त्या रात्री कन्नडच्या घरात पुढे काय व्हावे? मुलाने यंत्राचे उत्तर वाचून दाखवावे, त्यातून निघालेले प्रश्न एका कागदावर लिहावेत आणि वडील पर्युषणात किती उपवास करणार आहेत, हेही त्यांनाच विचारून खाली नोंदवावे. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी दोघांनी तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे.